अक्का, तुला जगायचं होतं

तुझ्या दहाव्याला नदीकाठी मंडप टाकला होता, अक्का. प्रवचन झालं, पिंडाला कावळा शिवला, आणि मग माइक हातोहात फिरायला लागला. माणूस गेलं की आपल्याकडे बोलणाऱ्यांची रांग लागते, हे तुला मी काय सांगायचं. सोसायटीचे चेअरमन आधी उठले. पाटाच्या पाण्यावरून तुझ्याशी भांडायचे तेच. म्हणाले, "आमच्या वहिनींनी कॅन्सरच्या नव्या औषधासाठी आपला देह दिला. पुढच्या पिढ्यांसाठी त्या चंदनासारख्या झिजल्या." दुसऱ्याने तेच वाढवून सांगितलं. तिसऱ्याने त्यात देश आणला. बायका पदराने डोळे पुसत होत्या. दाजी खाली मान घालून गवताची काडी मोडत बसले होते. माझं मात्र जागेवर बूड ठरत नव्हतं.

मला उठून सांगायचं होतं, की असं काही नव्हतं. तू कुणासाठी झिजायला गेली नव्हतीस. तुला जगायचं होतं म्हणून तू गेलीस. हे तूच मला तोंडावर सांगितलं होतंस, दौंडच्या स्टेशनवर, चारचौघांत, चांगल्या मोठ्या आवाजात. पण बायकांच्या रांगेपर्यंत माइक आला नाही. आला असता तरी मी बोलले असते की नाही, कोण जाणे.

नगरला परतल्यापासून मी मशीनवर बसते आणि उठते. नागापूरच्या एका कंपनीचे युनिफॉर्म शिवायला आलेत, ढीग पडलाय. परवा एक बाही उलटी जोडली, उसवली, परत उलटीच जोडली. आमचे हे पाळीवरून आले, बघितलं आणि म्हणाले, "राहू दे चार दिवस." चार दिवसांनी काय होणार आहे, सांग बरं. शेवटी कापड बाजूला सारलं आणि कागद ओढला. आपलं भांडण अर्धं राहिलंय. ते आता कुणाबरोबर पुरं करू?

तुझा आजार मला पहिल्यांदा कळला तो तुझ्या ब्लाऊजवरून. उन्हाळ्यात तू दोन ब्लाऊज आत घ्यायला दिलेस. मी टिपा मारून दिले. दिवाळीच्या तोंडावर तेच परत घेऊन आलीस, अजून आत घे म्हणून. मी टेप लावली आणि परत एकदा लावून बघितली. "बारीक झालीस गं," म्हणाले, तर तू खूश. "लिंबं तोडून तोडून कुनी जाड ऱ्हातं व्हय?" म्हणालीस, आणि हसता हसता खोकलीस. खोकला थांबेना. मी पाणी दिलं, तू भिंतीला हात टेकून उभी राहिलीस. तो खोकला मला आवडला नाही, आणि तेव्हापासून मी तुझ्या मागे लागले.

गावाकडे खोकल्याचं औषध झालं. मग टीबी असेल म्हणून थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. छातीत पाणी झालं म्हणून नगरला ते काढलं, लालसर निघालं, आणि तिथल्या डॉक्टरांचा चेहरा बदलला. पुण्याला पाठवलं. फुप्फुसाचा कॅन्सर, हाडापर्यंत गेलेला. भेटायला येणारा प्रत्येक जण दाजींना बाजूला घेऊन एकच विचारायचा, "विडी वढायच्या का वहिनी?" तू कधी दाताला मिश्रीसुद्धा लावली नाहीस. एकदा ते तू ऐकलंस आणि खाटेवरून म्हणालीस, "व्हय, चोरून वढायची. तुमच्याच खिशातली." तो गृहस्थ चहा न पिता गेला.

पुण्याच्या त्या डॉक्टरांबद्दल मी वाईट बोलणार नाही. तेव्हा मी खूप बोलले होते. ते वयाने लहान होते, तुला मावशी म्हणायचे, आणि गोड बोलून फसवायचे नाहीत.

"मावशी, हा आजार मुळासकट जाईल असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "आवरून धरता येईल. किती दिवस, ते प्रत्येकाचं वेगळं."

मग त्यांनी त्या नव्या औषधाच्या चाचणीचं सांगितलं. सलाईनमधून जे औषध द्यायचं ते तुला मिळणारच होतं, ते सगळ्यांना देतातच. त्याच्या जोडीला एक नवी गोळी दिली तर दोन्ही मिळून जास्त काम करतात का, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून निम्म्या लोकांना खरी गोळी, आणि निम्म्यांना दिसायला अगदी तशीच, पण आत औषध नसलेली.

"मंग मला खरी द्या," तू म्हणालीस.

"ते माझ्या हातात नाही."

"कुनाच्या हातात हाय? त्यांच्याकडं जाते."

"कॉम्प्युटर ठरवतो, मावशी. मलाही कळत नाही कुणाला कुठली दिली ते."

"म्हंजी चिठ्ठी टाकायची."

"तसंच काहीसं."

"मंग चिठ्ठी मी उचलते. माजा हात चांगला हाय. भिशीत पयला नंबर माजाच लागतो."

डॉक्टर हसले. दाजीसुद्धा हसले, कितीतरी दिवसांनी. मी हसले नाही. डॉक्टर पुढे म्हणाले, तुम्ही यातून कधीही बाहेर पडू शकता, कारण सांगायची गरज नाही, उपचार थांबणार नाहीत. त्यावर तू म्हणालीस, "बाहेर जायला कारन लागत न्हाई, अन् आत यायला एवढं इचारता." तुझी ही सवय. जिथे रडायचं तिथे तू समोरच्याची फिरकी घ्यायचीस, आणि रडायचं काम माझ्यावर पडायचं.

घरी जाऊन विचार करा म्हणून त्यांनी परत पाठवलं. दौंडला उतरलो, दाजी पिकअप आणायला बाहेर गेले, आणि आपण दोघी बाकावर. तिथे मी सुरू केलं.

"ते तुझ्यावर प्रयोग करणार आहेत, अक्का."

"करू दे."

"उंदरांवर करतात तसे."

"उंदराला इचारत न्हाईत. मला इचारलंय."

"तू नगरला चल माझ्याकडे. ती सलाईन नगरलाही मिळते. मी आहे ना, खाऊ घालीन, पाय दाबीन."

"अन् मी काय करू तुज्या घरी? पडून ऱ्हाऊ? तुज्या मशीनीचा आवाज आयकत मरू?"

"दुसऱ्यांच्या भल्यासाठी तुझे हाल कशाला?"

तेव्हा तू उठून उभी राहिलीस. उभं राहायचं बळ तेव्हा तुझ्यात फारसं नव्हतं, तरी राहिलीस. "दुसऱ्यांचं कोन बोलतंय? सुमे, मला जगायचंय. त्यात कुनाचं भलं झालं तर होऊ दे, माजी ना न्हाई. पर मी जाती ती माज्यासाठी जाती."

पलीकडचा भेळवाला हातातला कांदा चिरायचा थांबला. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून जास्तच राग आला. पिकअपमध्ये काष्टी येईपर्यंत आपण बोललो नाही. काष्टीला तू म्हणालीस, "येशील ना पर माज्यासंगं?" मी म्हणाले, येईन. त्यावर तू पुढे काही विचारलं नाहीस, आणि नको म्हणणारी मी दर तीन आठवड्यांनी तुझ्याबरोबर का येत राहिले, ते मीही सांगितलं नाही. तुला ठाऊक होतं असं मी धरून चालले. तू काय धरून चाललीस?

संमती घेताना त्यांनी कॅमेरा लावला होता. सगळं नीट समजावून सांगितलंय, माणसाने आपल्या मनाने होकार दिलाय, याचं चित्रण ठेवावं लागतं म्हणाले. प्राजक्ता नावाची मुलगी होती, या चाचणीतल्या लोकांचं येणंजाणं, तपासण्या, फोन, सगळं तीच बघायची. तिने तुला खुर्चीवर नीट बसवलं. तू पदर सारखा केलास, कुंकू चाचपलंस आणि विचारलंस, "नाव घेऊ का?" प्राजक्ता म्हणाली, घ्या की मावशी. आणि तू कॅन्सरच्या दवाखान्यात, कॅमेऱ्यासमोर, दाजींचं नाव घेतलंस. दाजी दारामागे गेले. ते चित्रण तिथे कुठेतरी असेल, अक्का. मी ते मागणार नाही. पण ते आहे, हे सारखं आठवतं आणि हातातलं काम सुटतं.

मग तो प्रवास. आदल्या संध्याकाळी मी तुझ्याकडे यायची, सकाळी दाजी आपल्याला दौंडला सोडायचे. दुपारभर तुझ्या हातात सुई आणि वर ती बाटली. मी बाजूला बटणं लावत बसायची, काम घेऊनच यायची. तू शेजारच्या खाटेवरच्यांची चौकशी करायचीस. कोण कुठला, कुणाच्या घरात काय, कुणाच्या पोराचं जमत नाही. महिन्या-दोन महिन्यांत त्या वॉर्डात तुझं अर्ध्या जिल्ह्याशी नातं जडलं होतं. घरी सकाळ-संध्याकाळ गोळी. गोळी घेताना तू ती तळहातावर ठेवून बघायचीस आणि म्हणायचीस, "सांग बये, खरी हाईस का?"

मग तुझ्या तोंडावर पुटकुळ्या उठल्या. गालांवर, कपाळावर, पाठीवर. नखांच्या कडा सुजल्या, लिंबाचा काटा लागला की जीव जायचा. मी घाबरले. तू आरशासमोर उभी, आणि चेहऱ्यावर काय आनंद. "बघ सुमे, पन्नाशीत तारुन्यपिटिका. खरीच हाय गोळी." मी म्हणाले, सलाईनच्या औषधानेही असं होतं, डॉक्टरांनी सांगितलंय. तू म्हणालीस, "तुला बरं बघवतच न्हाई." दोन दिवस आपण या एका गोष्टीवर भांडलो. मी मुद्दाम भांडत होते असं नाही. तुला खात्री वाटायला लागली की मी ती खोडायला बघायचे. तू जेवढी वर चढशील तेवढ्या उंचावरून खाली येशील, असं वाटायचं, आणि खाली मीच उभी असणार होते.

पण स्कॅन झाला, आणि गाठ लहान झाली होती. डॉक्टरांनी पडद्यावर आधीचं आणि आताचं चित्र शेजारी शेजारी लावून दाखवलं. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण त्यांचा आवाज कळला. तू त्यांना म्हणालीस, "मंग, माजा हात चांगला निघाला का न्हाई?" ते म्हणाले, "मावशी, ते मला अजून माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे बघून ओळखायचा मी खूप प्रयत्न केला, काही हाती लागलं नाही.

त्यानंतरचे महिने. त्याबद्दल दहाव्याला कुणी एक शब्द बोललं नाही. झिजली, सोसलं, एवढंच. तू धापा न टाकता बागेच्या टोकापर्यंत जायला लागलीस. तोडणीच्या बायकांवर ओरडायला लागलीस. ब्लाऊज परत ढिले करून मागितलेस. आणि एक दिवस म्हणालीस, मला स्कूटी शिकव.

मी म्हणाले, वेड लागलंय का, हाडं ठिसूळ झालीत तुझी. तू म्हणालीस, "त्ये काय बाजाराला नेत न्हाईत येळेवर. मला माजं जायचंय." दाजी तिथेच बसले होते, त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. मी डॉक्टरांना विचारते म्हणाले, तू म्हणालीस, त्यांना विचारलं तर ते नाहीच म्हणतील, मग विचारायचं कशाला. शेवटी ऊस तुटून गेलेल्या रानाच्या कडेच्या वाटेवर मी माझी स्कूटी आणली. तू पाय दोन्हीकडे टेकवून, हँडल बैलाच्या शिंगांसारखं धरून बसलीस. मी मागून धरून पळायचे. तू "सोड, सोड" म्हणायचीस, आणि सोडलं की "धर". एका दुपारी मी सोडलं आणि तू धर म्हणालीच नाहीस. वळणापर्यंत गेलीस, वळून आलीस, पाय टेकवलेस आणि काहीच बोलली नाहीस. एवढी गप्प तू मला आयुष्यात दिसली नव्हतीस.

पुढच्या आठवड्यात तू कुणाला न सांगता श्रीगोंद्याला जाऊन आलीस. मला दाजींच्या फोनवरून कळलं. मी तुला वाट्टेल ते बोलले. पडली असतीस तर, मोडलं असतं तर, सगळी औषधं पाण्यात. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "सुमे, भजी खाल्ली मी. येकटीनं. हाटेलात बसून." मी फोन ठेवला. हे ते महिने, अक्का. ते कुणी दिले? त्या गोळीने, का नुसत्या सलाईनने, का तुझ्या हट्टाने? मला रोज नवं उत्तर सुचतं आणि संध्याकाळपर्यंत ते पटेनासं होतं.

मग यंदाच्या संक्रांतीनंतर तुला दम लागायला लागला. आधीचा खोकला वेगळा होता, हा कोरडा आणि उथळ. बोलता बोलता वाक्य तुटायचं. पुण्याला नेलं, त्यांनी ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसांना सूज आलीय. औषधाने असेल, जंतुसंसर्गाने असेल, आजारानेही असेल. गोळी थांबवली, सलाईन थांबवली, स्टेरॉइड सुरू केलं, नाकाला ऑक्सिजन लावला.

मी डॉक्टरांना बाहेर गाठलं. म्हणाले, आता तरी सांगा, ती गोळी खरी होती का खोटी. ते म्हणाले, "ती नोंद उघडून बघायची सोय आहे. पण त्याने उपचार बदलणार नाहीत. गोळी खरी होती असं धरूनच आम्ही चाललोय." मी म्हणाले, तुमच्यासाठी बदलत नसेल, आमच्यासाठी बदलतं. त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाले, "मावशींना हवं असेल तर मी वर विचारतो. पण आधी त्यांना विचारा."

मी आत आले आणि तुला विचारलं. मला वाटलं होतं तू लगेच हो म्हणशील. एवढे महिने तळहातावर गोळी ठेवून बोलणारी तू. तू मास्क बाजूला केलास. "नगं," म्हणालीस.

"का?"

"खरी निघाली तर तू म्हनशील, गोळीनंच सुजली. खोटी निघाली तर म्हनशील, फुकट हेलपाटे घातले. दोन्हीकडून तुला झोप लागायची न्हाई."

"माझ्या झोपेचं तुला काय पडलंय?"

"मलाच पडायचं. दुसरं कुनाला पडनार?"

मी मास्क परत तुझ्या नाकावर ठेवला. तो जरा जोरात ठेवला गेला असेल. तू डोळे मिटलेस. आणि आपलं भांडण तिथे थांबलं, अक्का. मी म्हणायचं ठरवलं होतं की झोप लागत नाहीच आहे, कळलं तरी लागणार नाही, न कळता तर अजिबात नाही. तेव्हा ते सुचलं नाही. आता सुचून काय उपयोग.

स्टेरॉइडने तुझं तोंड सुजलं, दंड भरले. एकही ब्लाऊज दंडात जाईना. मी दवाखान्याच्या बाकावर बसून सगळ्यांच्या टिपा उसवल्या. शिवताना आत भरपूर माया सोडलेली होती, तेवढी सगळी पुरली. मधे चार दिवस तू बरी वाटलीस. उठून बसलीस, समोरच्या बाईच्या सुनेला दोन शब्द सुनावलेस. मी आमच्या ह्यांना फोन करून सांगितलं, उतार पडतोय. मग एका सकाळी परत ढासळलीस.

शेवटची दुपार मी लोकांना सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. तू डब्यात काय आहे विचारलंस. तुला खायचं नव्हतं, नुसतं विचारलंस. मेथी, मी म्हणाले. "घट्ट केली असशील," म्हणालीस. दाजी पायाशी बसून तुझा घोटा धरून होते. तू त्यांना म्हणालीस, बागेचं पाणी तोडा आता, झाडांना ताण बसल्याशिवाय बहार धरायचा नाही. ते म्हणाले, तोडतो. मग तू झोपलीस. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. ऊन खिडकीतून खाटेवर आलं, मी पडदा ओढला, आणि परत बसले तेव्हा तुझा श्वास चुकतमाकत चालला होता. डॉक्टर आले, त्यांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. मी मेथीचा डबा धुवून आणला. का धुतला, काय माहीत.

तेराव्यानंतर दाजींना कपाटात गोळ्यांची बाटली सापडली. उरलेल्या गोळ्या परत द्याव्या लागतात, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. प्राजक्ताला फोन केला तर ती म्हणाली, सवडीने द्या, घाई नाही. पण मला घरात बसवत नव्हतं. काल दाजींना घेऊन गेले. तेच दौंड, तीच गाडी. खिडकीजवळची जागा रिकामी होती, आम्ही दोघेही तिथे बसलो नाही.

प्राजक्ताने बाटली घेतली आणि बाटलीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, अभ्यास पूर्ण झाल्यावर मावशींना कोणती गोळी होती ते घरच्यांना कळवता येतं, हवं असेल तर. दाजी लगेच म्हणाले, "तिनं नगं म्हनलं हुतं." मी माझा नंबर दिला. तू चिडशील, माहीत आहे. चीड. कधी कळवतील, कळवलं तर मी ऐकून घेईन का फोन कट करीन, मला आत्ता सांगता येत नाही. तू मला झोप लागावी म्हणून नको म्हणालीस. मला तुझ्या उपकाराचं ओझंही झालंय आणि तुझा रागही आलाय, आणि दोन्ही एकाच वेळी येतात तेव्हा मी उठून पाणी पिते.

दाजी औषधाच्या दुकानात काहीतरी विचारायला गेले, मी बाहेर बाकावर बसले. शेजारी पाथर्डीकडचं एक जोडपं होतं. ऊसतोडीला जाणारी माणसं. नवरा हडकुळा, टोपी गुडघ्यावर, मांडीवर स्कॅनचा मोठा लिफाफा. बायकोने मला प्राजक्ताच्या खोलीतून बाहेर येताना पाहिलं होतं.

"तुमचं पेशंट बी त्याच गोळीवर हाय का?" तिने विचारलं.

"होती. माझी बहीण."

तिला कळलं. ती पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "गोळीनंच गेल्या का?"

"माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही."

"मधी फरक पडला हुता?"

"पडला होता. गाठ लहान झाली होती. बरेच महिने चांगली होती." अजून बरंच ओठांवर आलं होतं, ते आवरलं. "मग परत बिघडलं."

"आमाला सही करायची का नगं, इचार करून सांगा म्हनलेत. तुमी असता तर काय केलं असतं?"

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा, म्हणून मी इतके दिवस तयारी करून बसले होते. उत्तर पाठ होतं, सही करू नका. पण तोंडातून ते आलं नाही. मी म्हणाले, "मी बहिणीला नको म्हणाले होते. आज परत ती वेळ आली तर परत नकोच म्हणेन. आणि ती परत सही करील."

"मंग आमी कुनाचं आयकायचं?"

तेवढ्यात तो माणूस बोलला. इतका वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होता. "मला इचारा की कुनीतरी," म्हणाला. रागाने नाही, नुसतं. त्याने लिफाफ्याखालून कागदांचा गठ्ठा काढला आणि माझ्यापुढे धरला. "त्या मॅडमनी सांगितलंय समदं. पर मला परत आयकायचंय. हिला बी वाचता येत न्हाई. तुमी वाचा."

मराठीत छापलेला कागद होता तो. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. तो डोळे मिटून ऐकत होता. बायको माझ्या बोटाकडे बघत होती. एका जागी तो म्हणाला, "थांबा. ते परत वाचा." मी परत वाचलं. या उपचाराचा तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असे नाही. त्याने मान हलवली. मी त्याच्याकडे बघत राहिले, आता हा नको म्हणेल असं वाटलं.

"बरं," तो म्हणाला. "पुढं वाचा."

दाजी येऊन उभे राहिले, गाडी सुटेल म्हणाले. सुटू द्या, मी म्हणाले, आणि पान उलटलं.